काडेपेटीच्या कारखान्यात ‘मॅनहॅटन’

जुन्या कारखान्याची घरं झाली की आपण वारसाप्रेमी लगेच खूश होतो. इमारत वाचली ना, मग झालं! मला हा हिशेब अपुरा वाटतो. उदाहरण घेतो पूर्व लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्याचं. आज त्या जागेचं नाव ‘बो क्वार्टर’.

आधी जमेची बाजू. कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि १९८८ पासून तिथे फ्लॅट होऊ लागले. आज ते सातशेच्या वर आहेत. लाल विटांच्या मुख्य इमारती १९१०च्या आसपासच्या. इंजिनिअर म्हणून सांगतो, यंत्रांचा भार पेलणारे मजले, उंच छत आणि ओळीने मोठ्या खिडक्या असलेली इमारत घरांसाठी पाडायचं कारणच नसतं. पाण्याच्या टाक्यांचे मनोरेही राखलेत. बांधकामाच्या बाजूने काम चोख आहे.

माझी हरकत नावांना आहे. या इमारतींना मॅनहॅटन, लेक्सिंग्टन, स्टेटन अशी नावं दिली गेली. न्यूयॉर्कचा आणि या आवाराचा संबंध काय? विक्रीपलीकडे काही दिसत नाही.

आवाराचं स्वतःचं नाव मात्र इतिहासात पक्कं आहे. जुलै १८८८ मध्ये इथल्या सुमारे १४०० बायका-मुलींनी काम बंद केलं. पाय मळके दिसले तरी तीन पेन्स दंड, आणि जेवणही कामाच्या जागी, पांढऱ्या फॉस्फरसच्या सान्निध्यात. त्या विषाने जबड्याचं हाड सडायचं. कामगार त्याला ‘फॉसी जॉ’ म्हणत. आपल्याला होमरूलमुळे ठाऊक असलेल्या ॲनी बेझंट यांनी जूनमध्ये या हालांवर लेख लिहिला होता. पण संप केला तो सारा चॅपमनसारख्या कामगार स्त्रियांनीच. दंड रद्द झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली, युनियन उभी राहिली.

यावर कोणी म्हणेल, मुख्य इमारती संपानंतरच्या, मग त्यांना ती आठवण कशाला चिकटवायची? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. विटा जे सांगू शकत नाहीत, ते नावानेच सांगावं लागतं. एखाद्या इमारतीला सारा चॅपमनचं नाव द्यायला जास्तीचा एक पैसाही लागला नसता. इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी तिथे लागली २०२२ मध्ये, म्हणजे संपानंतर १३४ वर्षांनी.

हे सगळं इंदुरात बसून लिहितोय, त्याला कारण आहे. आपली हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडलं, आणि जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली. तिथे काय उभं राहावं यावर मतं वेगवेगळी असतील, असोत. पण निदान नावं तरी ‘ग्रीन’, ‘हाइट्स’ छापाची नकोत. रस्त्यांना, इमारतींना मिलच्या खात्यांची नावं द्या; कामगारांनी ३२ वर्षं दिलेल्या लढ्याची पाटी पहिल्या दिवशी लावा. नकाशे मंजूर होण्याआधीच ही मागणी लेखी जायला हवी. एकदा ब्रोशर छापलं की नाव बदलत नाही, हे बो क्वार्टरने दाखवलंय.