‘एकच प्याला’ : व्यसनाचे निदान आणि प्रेक्षकांचे ग्रहण

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे प्रथम रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी चारच आठवडे, २३ जानेवारी १९१९ रोजी, नाटककाराचे सावनेर येथे निधन झाले होते. तेव्हापासून मद्यपाननिषेधाचे प्रभावी नाटक ही त्याची ओळख मराठी समीक्षेत व लोकमानसात रूढ झाली आहे. ही ओळख सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. नाटकाच्या शीर्षकातून जे तात्पर्य निघते आणि नाटकाच्या कथानकातून जे निदान निघते, ती दोन्ही एक नव्हेत. शीर्षक पहिल्या प्याल्याविषयी बोलते. कथानकाचा खरा कणा मात्र व्यसन सोडल्यानंतर त्याकडे पुन्हा परतण्याचा प्रसंग हा आहे. प्रेक्षकांनी पहिले ग्रहण केले व दुसरे बहुधा सोडून दिले. असे का झाले, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाइतकाच मानसशास्त्राच्या अभ्यासकालाही उपयुक्त ठरावा.

प्रथम ‘व्यसन’ या शब्दाकडेच पाहणे इष्ट आहे. संस्कृतात या शब्दाला दुराचरणाची आसक्ती असा एक अर्थ आहे आणि संकट, आपत्ती असा दुसरा. मृगया, द्यूत व मद्यपान यांची गणना नीतिग्रंथांनी व्यसनांत केली. त्याचबरोबर राज्यावर किंवा मित्रावर कोसळणारी आपत्ती हीही व्यसनच म्हटली गेली. मराठीत पहिला अर्थ टिकला, दुसरा लोप पावला. त्यामुळे व्यसनी मनुष्य दोषी आहे हे भाषेनेच गृहीत धरले; तो आपत्तीत सापडलेला आहे, ही जाणीव शब्दाबरोबरच मावळली. गडकऱ्यांच्या नाटकात हे दोन्ही अर्थ पुन्हा समोरासमोर उभे राहतात, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे.

सुधाकर हा बुद्धिमान, कर्तबगार आणि अतिशय मानी वकील आहे. त्याच्या पतनाचा प्रारंभ मद्याच्या आकर्षणाने होत नाही. न्यायालयातील अपमानाच्या प्रसंगाने आणि काही काळ सनद गेल्यामुळे जखमी झालेल्या अभिमानाने होतो. तळीराम प्याला पुढे करतो तो नेमक्या त्या घटकेस. मद्य येथे सुखाचे साधन म्हणून येत नाही, वेदनेवरील उतारा म्हणून येते. मनोविकारशास्त्र आज ज्या कारणपरंपरेकडे लक्ष वेधते तिची बहुतेक अंगे येथे उपस्थित आहेत : आधीचा मानसिक आघात, स्वभावातील दुबळा दुवा, सहज उपलब्ध पदार्थ आणि त्याला प्रतिष्ठा देणारी संगत. ‘आर्य मदिरा मंडळ’ हे केवळ विनोदाचे स्थळ नाही. जगाने नाकारलेल्या माणसाला विनाअट सामावून घेणारी ती एकमेव संस्था आहे, आणि तिचे बळ त्यातच आहे.

पुढे सुधाकर रामलालपुढे मद्यपानाच्या क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या अवस्थांचे विवेचन करतो. सोडणे शक्य असते तेव्हा सोडण्याची निकड वाटत नाही, आणि निकड पटते तेव्हा शक्ती उरलेली नसते, असा त्याचा आशय आहे. पाश्चात्त्य शास्त्रात मद्यासक्तीच्या अवस्थांची प्रसिद्ध मांडणी जेलिनेक यांनी १९४६ व १९५२ च्या लेखनात केली, आणि तिचा आधार मद्यपींनी स्वतः दिलेली माहिती हा होता. नाटककाराने शास्त्रज्ञाच्या आधी शोध लावला, असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि व्यसनाचे वर्णन व्यसनी माणसाच्याच मुखातून, त्याच्या पूर्ण शुद्धीत करविणे, हा गडकऱ्यांचा निर्णय महत्त्वाचा आहे. सुधाकराला आपली स्थिती कळत नाही असे नाही. कळूनही वळत नाही. ज्ञान आणि निग्रह यांमधील ही दरी हेच व्यसनाधीनतेचे मर्मस्थान होय. केवळ उपदेशाने ती बुजत नाही, हे उपदेशप्रधान मानल्या गेलेल्या या नाटकानेच दाखविले आहे.

यापुढील प्रसंग निर्णायक आहे. सुधाकर मद्य सोडण्याची प्रतिज्ञा करतो आणि उपजीविकेसाठी काम मागावयास प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तेथे त्याला काम मिळत नाही. दारुडा म्हणून अवहेलना मिळते. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो तो या अवहेलनेनंतर. दोन्ही वेळा प्याल्याच्या आधी अपमान आहे, हा योगायोग नव्हे. पहिल्या वेळी अपमान व्यक्तीचा झाला, दुसऱ्या वेळी तिच्या सुधारणेचा झाला. म्हणूनच या दुसऱ्या प्याल्याची जबाबदारी एकट्या सुधाकरावर टाकणे नाटकाच्या रचनेशी विसंगत आहे.

या वाचनाला दुजोरा देणारे पात्र भगीरथ हे होय. प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला हा तरुण त्याच मदिरा मंडळातला. पण तो त्यातून बाहेर पडतो. त्याचा निश्चय सुधाकराच्या निश्चयाहून बळकट होता, असे नाटकात कोठेही सिद्ध होत नाही. फरक इतकाच, की त्याला रामलाल हात देतो, सेवेचे काम दाखवितो आणि विश्वासाने वागवितो. एकाला काम व मान मिळाला, दुसऱ्याला दोन्ही नाकारले गेले. यावर असा आक्षेप घेता येईल की भगीरथाचे चित्रण त्रोटक आहे, त्याचे व्यसन किती जुने होते हे कळत नाही, आणि म्हणून ही तुलना समतोल नाही. आक्षेप रास्त आहे. गडकऱ्यांची प्रतिभा सुधाकराच्या विनाशात रमली. भगीरथाच्या उद्धाराला तिने थोडक्यात आटोपले. तरीही दोन पात्रे एकाच मंडळातून निघून दोन टोकांना पोहोचतात, ही रचना लेखकाचीच आहे, आणि समीक्षेने तिची दखल घेणे आवश्यक आहे.

मग प्रेक्षकांपर्यंत हे निदान का पोहोचले नाही? याचे उत्तर माध्यमाच्या स्वरूपात शोधावे लागते. बालगंधर्वांची सिंधू आणि विठ्ठल सीताराम गुर्जर यांची पदे यांनी प्रेक्षकांची सारी करुणा पत्नीकडे वळविली. जाते ओढणारी, अखेरीस पतीला वाचविण्यासाठी असत्यही बोलणारी सिंधू पातिव्रत्याचा आदर्श ठरली. व्यसनी माणसाच्या कृत्यांवर कुटुंबाने पांघरूण घातल्याने त्याचे व्यसन दृढ होते, हा त्या प्रसंगातील कटू भाग गौरवात बुडून गेला. दुसरीकडे तळीरामाच्या कोट्यांनी प्रेक्षागृहे हसली. माध्यमातील दृश्य व त्याचे तात्पर्य प्रेक्षकांच्या मनात सारख्याच प्रमाणात उतरत नाहीत. बालके मोठ्यांचे आक्रमक वर्तन केवळ पाहूनही त्याचे अनुकरण करतात, हे बांडुरा यांच्या १९६१ मधील प्रयोगाने दाखविले. कुमारवयीन प्रेक्षकांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष विचारणीय आहे. कारण त्यांना सुधाकराचा अंत दूरचा वाटतो, तळीरामाचा सोबतीपणा मात्र जवळचा.

चित्रपटांनी हीच विभागणी पुढे चालविली. मद्यपी एक तर हास्याचा विषय झाला, नाही तर अश्रूंचा. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूच्या दृश्यांवर इशारा दाखविणे भारतात बंधनकारक झाले, आणि २०२३ मध्ये हा नियम आंतरजालावरील चित्रमालिकांनाही लागू करण्यात आला. अशा इशाऱ्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे तर्कशास्त्र शीर्षकातील प्याल्याचेच आहे. आरंभ करू नका, एवढेच ते सांगतात. ज्याने आरंभ केला आहे त्याच्याशी ते थोडेच बोलतात.

मराठी साहित्यात हा दुसरा संवाद विस्ताराने घडला तो अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ मध्ये. ब्राउन शुगरच्या आहारी गेलेल्या तरुणांविषयीच्या या लेखनात ना खलपुरुष आहे, ना पतिव्रता. आहेत ती मुले, त्यांचे पालक आणि सोडल्यानंतरचे दिवस. या लेखनाने पु. ल. देशपांडे यांचे लक्ष वेधले. त्यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. माध्यमाचा प्रभाव केवळ अनुकरणाच्या भीतीने मोजावयाचा नसतो, तो साहाय्याच्या उभारणीनेही मोजता येतो, याचे हे उदाहरण आहे. अर्थात शोकांतिकेने संस्था उभारावी अशी अपेक्षा करणे अनुचित होईल. तिचे कार्य वेगळे आहे.

कायद्याची दृष्टी आता बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. परंतु उपचार अद्याप दूरच आहेत : केंद्र शासनासाठी झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे साहाय्य मिळाल्याचे आढळले. या आकड्यामागे सोयींचा अभाव आहे, तसाच दारुडा या शब्दाचा धाकही आहे. जो उपचार मागतो तो आपले व्यसन जाहीर करतो, आणि जाहीर केल्याची किंमत सुधाकराने मोजलेली आहे.

तेव्हा ‘एकच प्याला’ शिकविताना शीर्षकाचा अर्थ सांगून थांबणे पुरेसे होणार नाही. प्रतिज्ञा करून घराबाहेर पडलेल्या सुधाकराला ज्या दारांनी परत पाठविले, ती दारे नाटकाच्या अर्थाचा भाग आहेत. त्यांची दखल घेतली म्हणजे ही शोकांतिका एका दुर्बळ पुरुषाची राहत नाही. त्याला पुन्हा उभे राहू न देणाऱ्या समाजाचीही होते.