सांगणारे गुरुजी, ऐकणारे गुरुजी

दसरा-दिवाळी उलटली की शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते व भांडीकुंडी घेऊन दूरच्या कारखान्यांच्या फडांवर जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जाऊन शाळेला मुकतात. काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. अशा मागे राहिलेल्या मुलांपुढे एका संध्याकाळी मी ‘श्यामची आई’तील पोहण्याचे प्रकरण वाचले. वाचन संपताच पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “गुर्जी, श्यामची गोष्ट ऐकाया बसत्यात, त्यांच्या आया कुठं गेल्याती?”

इतकी वर्षे हे पुस्तक वाचूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. श्याम 42 रात्री आईच्या आठवणी सांगतो. ऐकणाऱ्यांची नावे आपल्याला कळतात, त्यांची घरे मात्र फारशी कळत नाहीत. 1953 साली आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाने महाराष्ट्राला आईसाठी रडविले, आणि सांगणारा शिक्षक त्या अश्रूंत दिसेनासा झाला, असे माझे मत आहे. वास्तविक हे पुस्तक आईचे आहे तितकेच एका शिक्षकाचेही आहे.

साने गुरुजींची शाळेतील नोकरी अवघी सहा वर्षांची. 1924 साली ते अमळनेरच्या शाळेत रुजू झाले आणि 1930 साली सत्याग्रहासाठी तिला रामराम ठोकून निघाले. वर्गातील तासांपेक्षा तेथील छात्रालयात त्यांनी जे केले तेच विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहिले. ते मुलांच्या खोल्या झाडीत, कपडे धूत, आजाऱ्यांच्या उशाशी बसत, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. शिक्षकाने छडी धरावी अशीच ज्या काळची समजूत होती, त्या काळात या गुरुजींनी केरसुणी धरली. आईची कामे पुरुषाने, तीही परक्यांच्या लेकरांसाठी करावीत, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही उपदेशाहून मोठी वाटते. पुढे 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली, तेव्हा शाळा सुटून तीन वर्षे झाली होती. पण पुस्तकाची मांडणी छात्रालयाचीच राहिली. सायंप्रार्थना व्हावी, सर्वांनी भोवती बसावे आणि एकाने सांगावे.

एकानेच सांगावे, येथेच मला थोडे अडखळावयास होते. पोहण्याच्या प्रकरणात भ्यालेला श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारीत बाहेर काढते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ खरी आहे. परंतु त्याला कशाची भीती वाटते, हे तेथे कोणी विचारीत नाही.

याच्याशेजारी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ ठेवून पाहावे. मूळ जपानी पुस्तक 1981 चे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत येते, आणि मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. तेथेही पोहण्याचा तलाव आहे. कोणत्याही मुलाला स्वतःच्या शरीराची लाज वाटू नये म्हणून तेथे मुले कपड्यांवाचून पोहतात. पोलिओने अधू झालेला मुलगाही पाण्यात उतरतो. भीती घालविण्याच्या या दोन रीती आहेत. शिक्षक या नात्याने मला दुसरी अधिक पटते, हे गुरुजींविषयीचा आदर राखूनच सांगतो. 1945 साली बॉम्बवर्षावात तोमोए जळाली. जळती शाळा पाहताना कोबायाशी मुलाला विचारत होते की, पुढची शाळा कशी काढू या.

तरीही गुरुजींना केवळ ‘सांगणारे’ म्हणणे अन्यायाचे होईल. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती शब्दशः टिपून घेणारे साने गुरुजीच होते. ‘गीता-प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती त्यांच्या कानांमुळे. मग हा कान त्यांच्या श्यामला का मिळाला नाही? मला वाटते, आईचा वियोग त्यांच्या मनात इतका ओला होता की लिहिताना दुसऱ्याच्या दुःखाला जागाच उरली नाही. प्रत्यक्ष छात्रालयात मात्र ती जागा होती. म्हणून गुरुजींचा वारसा चालवू पाहणाऱ्याने त्यांची पुस्तके वाचावीत, पण अनुकरण करावयाचे तर अमळनेरच्या त्या खोल्यांतील गुरुजींचे करावे.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुस्तक नेले नाही. त्या मुलाला म्हटले, “काल तू विचारलेस, आता तूच सांग, तुझी आई कुठे आहे?” तो आधी लाजला. मग त्याने कोपी कशी बांधतात ते सांगितले, पहाटे काळोखात आई कशी उठते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढते तेही सांगितले. त्याचे संपते न संपते तोच मागे बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, “माझ्या आईची फळी लई अरुंद हाय.”