'रूमी' या शब्दापाशी

रेणापूरहून लातूरमार्गे औशाला गेलो तरी किल्ला दुरून दिसत नाही. तो खोलगट जागेत बसला आहे. खंदकापाशी पोचल्यावरच समोर येतो. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेल्या आपल्या दुर्गसाहित्याला अशा भुईकोटाचे काय करावे, हे कधी नीट उमगले नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'चे ऋण मी मानतो. पण त्यांच्या वाटेने निघालेल्यांची चढणीवर पोसलेली नजर मराठवाड्यात येऊन थकते आणि बुरूज, खंदक, तोफा अशी यादी करून परत फिरते.

माझा आक्षेप त्या यादीतल्या तोफांपाशी आहे. मलिक-ए-मैदान घ्या. १६३२ साली मुरारपंतांनी ती परंड्याहून विजापूरला नेली, १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला, हे सगळे लिहितात. ओतणाऱ्याचे नावही तिच्यावरच आहे : महंमद बिन हुसेन रूमी. हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९, ठिकाण अहमदनगर. आमचे लेखक हे नाव देतात खरे, पण 'रूमी' जणू आडनावच, असे समजून पुढे जातात.

रूम म्हणजे अनातोलिया, ऑटोमन तुर्कांचा मुलूख. तिथली तोफविद्या आपल्याकडे समुद्रमार्गे आली. १५३१ मध्ये पोर्तुगीजांपासून दीव राखणारा गुजरातच्या सुलतानाचा सरदार मुस्तफा रूमीखान हा तिकडलाच. १५३८ मध्ये सुलेमान पाशाचे आरमार त्याच दीवला वेढा घालून हात हलवत परतले. पण रूमी गोलंदाजांची मागणी ओसरली नाही. अहमदनगरच्या ओतकाराला खुद्द ऑटोमन सुलतानाने धाडले, असे मात्र मी म्हणत नाही. रूमी ही मुलखाची खूण आहे, नेमणुकीची नव्हे. उत्साही लोक इथेच घसरतात.

तोफ आणि तट एकमेकांना घडवतात. परंड्याची दुहेरी तटबंदी, बाहेरचा रुंद खंदक, बुरुजांवरच्या तोफांच्या जागा हे सारे त्या ओतकामाबरोबर वाचायला हवे. रायचूर आणि कल्याणीबद्दल ईटन आणि वॅगनर यांनी २०१४ मध्ये इंग्रजीत अशी मांडणी केली. कल्याणी आमच्या निलंग्यापलीकडेच आहे, आणि तरीही मराठीत आम्ही परंड्याच्या तोफेची लांबीरुंदीच उतरवून घेत बसलो आहोत.