फुटबॉलचे धावते वर्णन : ढाका, कोलकाता आणि कुही

18 डिसेंबर 2022 च्या रात्री साडेआठला कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा ढाक्यात नऊ वाजले होते. घड्याळाचा हा अर्धा तास सोडला, तर कुहीतल्या माझ्या घरी आणि ढाका विद्यापीठाच्या आवारातल्या मोठ्या पडद्यावर एकच चित्र दिसत होते. एकच, हे मी अक्षरशः म्हणतो. विश्वचषकाचे मूळ दृश्य 2002 पासून एचबीएस ही स्वित्झर्लंडमधील संस्था तयार करते. कोणता कॅमेरा कधी घ्यायचा, गोल पुन्हा कोणत्या कोनातून दाखवायचा, गर्दीतला कोणता रडवेला चेहरा जवळून टिपायचा, हे तिथेच ठरते. देशोदेशीच्या वाहिन्या त्यावर आपला आवाज, आपले तज्ज्ञ आणि आपल्या जाहिराती चढवतात.

मग शेजारी देशांच्या प्रक्षेपणात फरक तो कसला? या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षे आहे. माझ्या नावामागे कुठले विद्यापीठ नाही. कात्रणे, ध्वनिफिती आणि जागवलेल्या रात्री एवढेच माझे भांडवल. त्यातून हाती आलेले फरक दोन आहेत. चित्र घरात कोणत्या दाराने येते हा पहिला, आणि ते कोणाच्या तोंडून बोलते हा दुसरा. पहिल्याची चर्चा थोडीफार होते. दुसऱ्याची मराठीत जवळजवळ होत नाही, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे.

आधी दाराकडे पाहू. 1986 साली मेक्सिकोतला विश्वचषक भारतात दूरदर्शनने दाखवला आणि बांगलादेशात बीटीव्हीने. दोन्ही वाहिन्या सरकारी, दोन्हींना छपरावरचा अँटेना पुरे. मेक्सिकोत दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला दिसे. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. ओळखीच्यांच्या घरी सतरंजीवर दाटीवाटीने बसून मॅराडोनाचे इंग्लंडविरुद्धचे दोन्ही गोल पाहिले. समालोचन इंग्रजीत होते. पहिला गोल हाताने झाला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपर वाचून कळले. बांगलादेशातही त्याच रात्रींनी एक अख्खी पिढी अर्जेंटिनाची करून टाकली. ते प्रेम पुढे इतके वाढले, की 2022 च्या विजयानंतर अर्जेंटिनाने 1978 पासून बंद असलेला ढाक्यातला दूतावास फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा उघडला. व्यापाराचे हिशेब त्यामागे असतीलच, पण सुरुवात छपरावरच्या अँटेनाने केली होती.

त्या काळी लहरींना सीमा ठाऊक नव्हती. बंगालच्या सीमाभागात लोक अँटेना पूर्वेकडे फिरवून ढाक्याची नाटके पाहत. अमृतसरमध्ये लाहोरचे पाकिस्तान टीव्ही इतके दिसे, की 1973 मध्ये सरकारला तिथे आपले केंद्र काढावे लागले. शेजाऱ्याचे चित्र आपल्या माणसाच्या घरात बोलते, ही गोष्ट सरकारांना केव्हाच समजली होती.

पुढे दोन्ही देशांत उपग्रह वाहिन्या आल्या आणि वाटा वेगळ्या झाल्या. 2022 मध्ये बांगलादेशात खासगी वाहिन्यांच्या जोडीने बीटीव्हीनेही विश्वचषक दाखवला, म्हणजे अँटेनावाल्याचे दार उघडे राहिले. भारतात हे दार कायद्याने उघडे आहे आणि व्यवहारात अर्धे लोटलेले. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावे लागते. जाहिरातीच्या उत्पन्नातले 75 टक्के हक्कधारकाचे आणि 25 टक्के प्रसार भारतीचे. फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य व अंतिम सामने या यादीत येतात. परंतु ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे चित्र दूरदर्शनने आपल्या जमिनीवरील प्रक्षेपणातून आणि आपल्या फ्री डिशवरूनच दाखवावे. खासगी केबलवर ते जाऊ नये. हक्कांसाठी पैसे मोजणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. मात्र नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनची जमिनीवरील जुनी प्रक्षेपण केंद्रे बहुतेक ठिकाणी बंद झाली. कायद्याने ठेवलेल्या दोन दारांपैकी एक असे आपोआप बुजले. आज आमच्या तालुक्यात ज्याच्या घरावर फ्री डिशची तबकडी आहे त्याला तो सामना दिसतो, आणि दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच सरकारी वाहिनीवर दिसत नाही.

तरीही या फरकाचे मला फार दुःख नाही. त्या वर्षी मोबाईलवर सामने विनाशुल्क होते आणि डेटा स्वस्त होता. शिवाय सरकारी वाहिनी एकटी असली की ती सरकारचीच बोली बोलते, हा अनुभव ढाक्याला आहे आणि आपल्यालाही. दार कसेही असो, माणूस आत शिरायची वाट शोधतो. आवाजाचे तसे नाही. जो आवाज कोणी तयारच केलेला नाही, तो प्रेक्षकाने कितीही शोधला तरी सापडत नाही.

आवाजाने काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण 1986 चेच आहे. मॅराडोनाचा दुसरा गोल जगाने पाहिला, पण अर्जेंटिनाने तो व्हिक्टर ह्युगो मोरालेसच्या तोंडून ऐकला. त्याने मॅराडोनाला ब्रह्मांडात भरकटणाऱ्या पतंगाची उपमा दिली आणि बोलता बोलता रडला. हा माणूस शेजारच्या उरुग्वेचा, आणि आवाज रेडिओवरचा. तरी आज तो गोल दाखवताना चित्रावर तोच आवाज चढवतात. चित्र सर्वांचे होते, आवाजाने ते एका देशाचे झाले.

आपल्या देशात कोणत्या भाषांना असा आवाज मिळाला? 2018 आणि 2022 या दोन्ही विश्वचषकांत हिंदी-इंग्रजीशिवाय बांगला, मल्याळम आणि तमिळ समालोचन होते. मराठी नव्हते. याला वाहिन्यांचा दुजाभाव म्हणणे सोपे आहे, पण माझे मत वेगळे आहे. दूरचित्रवाणीने नवी वाट पाडली नाही. रेडिओने पाडलेल्या चाकोरीतून तिची गाडी गेली. कोलकात्याच्या आकाशवाणीवर अजय बसू, कमल भट्टाचार्य, पुष्पेन सरकार यांनी मैदानावरची प्रत्येक हालचाल बांगलात सांगितली. डोळ्यांनी न दिसणारा खेळ कानांनी दाखवायचा, तर शब्द घडवावेच लागतात. ते घडले, घरोघरी रुळले, आणि पुढे खासगी वाहिनीला बांगला समालोचक हवा होता तेव्हा भाषा तयार होती. केरळात शैजू दामोदरन यांचे मल्याळम समालोचन ऐकावे. 2018 च्या स्पेन-पोर्तुगाल सामन्यात रोनाल्डोच्या तिसऱ्या गोलवर ते जे बोलले, ते मल्याळमचे अक्षर न कळणारेही फिरून फिरून ऐकत होते.

मराठीतही रेडिओने हेच काम केले, पण ते क्रिकेटसाठी. बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी धावते वर्णन मराठीत आणले आणि शेतात बांधावर बसलेल्या माणसाला वानखेडेवरचा चेंडू दिसू लागला. 2023 च्या आयपीएलमध्ये मोबाईलवर मराठी समालोचन सुरू झाले, त्याचे मूळ मी तिथे पाहतो. फुटबॉलला मराठीत कोणी बाळ पंडित भेटला नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळ्या समालोचनाचा खर्च कोण करील? उत्तर खोटे नाही, आणि विदर्भात तर ते जास्तच खरे आहे. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव फुटबॉलमध्ये मोठे. तिथल्या मैदानाची भाषा हिंदुस्तानी आहे आणि ती तिथलीच आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देणारे विजय बारसे यांच्यावर नागराज मंजुळे यांनी 2022 मध्ये ‘झुंड’ केला, तोही हिंदीत. तेव्हा हिंदीबद्दल माझ्या मनात अढी नाही. पण कळणे वेगळे आणि स्वतःच्या तोंडी येणे वेगळे. हिंदी समालोचन मी भरपूर ऐकले आहे. त्यात आवेश भरपूर, आणि अडले की क्रिकेटची उपमा. चेंडू कुठे गेला ते सांगतात. चेंडू नसलेला खेळाडू कुठे धावला आणि त्याने जागा कशी मोकळी केली, हे क्वचित सांगतात. फुटबॉलची निम्मी बुद्धी तिथे असते.

मराठीला हे जमणार नाही असे वाटणाऱ्याने कोल्हापूरला जावे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा पेठापेठांच्या संघांचे सामने कित्येक दशके चालू आहेत. स्थानिक केबल आणि यूट्यूबवरून ते थेट दिसतात आणि त्यांचे वर्णन रांगड्या मराठीत होते. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. म्हणजे मराठीला फुटबॉलचे तोंड आहे. ते पंचगंगेच्या काठावर बोलते. वैनगंगेपर्यंत त्याचा आवाज पोहोचवणारी यंत्रणा नाही.

त्या अंतिम सामन्याच्या रात्री माझ्याकडे गल्लीतली सात-आठ पोरे जमली होती. मध्यंतरानंतर मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणालो, “आता तुम्हीच सांगा.” आधी सगळे लाजले. मग नववीतला एक मुलगा आमच्या कुहीच्या बोलीत सुरू झाला. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन-शून्यने पुढे होती आणि त्याचे शब्द संपत आले होते. मग एम्बापेने पेनल्टी मारली, दीड-दोन मिनिटांत दुसरा गोल केला. पोरगा ओरडला, “अबे, त्यानं चेंडू खाली पडूच देल्ला नाही! पडायच्या आधीच हानला!” त्या गोलचे सार यात पूर्ण आले होते. चेंडू हवेतच होता आणि एम्बापेने तो तसाच मारला, हे त्याने पाहिले, ओळखले आणि सांगितले.

थोड्या वेळाने घरच्यांना नीट ऐकू येईना म्हणून आवाज पुन्हा सुरू करावा लागला. पेनल्टींचा निकाल आम्ही हिंदीतच ऐकला. तो मुलगा मात्र गप्प झाला होता. टीव्ही बोलू लागला की आपण बोलायचे नसते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

पुढचा विश्वचषक 2026 च्या जूनमध्ये मेक्सिको सिटीच्या त्याच अझ्टेका मैदानावर सुरू होईल, जिथे मॅराडोनाचे ते दोन गोल झाले. आम्ही पुन्हा रात्री जागू. वाहिनीने मराठी समालोचन दिले तर आनंदच आहे, पण मी तिच्या भरवशावर राहणार नाही. बांगलाचा आवाज वाहिन्या येण्याच्या कितीतरी आधी घडला होता. आपला घडवायचा तर पाच मुलांच्या हातात पाच मोबाईल आणि तालुक्याच्या स्पर्धेतले सामने एवढे पुरेसे आहे. मांढळ, उमरेड, कामठी, कुठलेही मैदान चालेल. या दिवाळीनंतर नववीतल्या त्या मुलाला, जो आता कॉलेजात जातो, मी एवढेच विचारणार आहे : सामना आहे, बोलशील का?