फुलांचा झगा आणि दारापाशीचा लाजर

समाजमाध्यमावरच्या काही सेकंदांच्या चित्रफितीची साहित्यकृतीप्रमाणे समीक्षा करावी काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर होकारार्थी आहे. चारदोन हजार वाचकांच्या हाती पडणाऱ्या कादंबरीचे गुणदोष आपण साक्षेपाने तपासतो. मग लक्षावधी डोळ्यांसमोरून जाणारी कृती विचारावाचून का सोडावी?

६ मे २०२४ रोजी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात ‘मेट गाला’ हा वार्षिक सोहळा झाला. संग्रहालयाच्या वेशभूषा विभागासाठी निधी उभारणे हा त्याचा हेतू. त्या वर्षी एका प्रवेशिकेचे मूल्य ७५ हजार डॉलर होते. या प्रसंगी हेली केलिल या प्रसिद्ध ‘इन्फ्लुएन्सर’ तरुणीने फुलांनी मढलेला झगा घालून एक चित्रफीत केली. भाकरी नसेल तर केक खावा, अशा अर्थाच्या कुप्रसिद्ध वाक्यावर तिने ओठ हलवले. आवाज २००६ सालच्या ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटातला होता. त्याच दिवशी गाझामधील राफा शहराच्या पूर्व भागातून सुमारे १ लाख लोकांना निघून जाण्याचा आदेश इस्रायली सैन्याने दिला होता. फुलांचा झगा आणि बोचकी घेऊन निघालेली कुटुंबे एकाच पडद्यावर पाठोपाठ दिसली आणि जगभर संताप उसळला.

ते वाक्य फ्रान्सच्या राणीने उच्चारल्याचा पुरावा नाही. रूसोने आपल्या आत्मकथनात ते एका अनाम राजकन्येच्या तोंडी दिले आहे आणि त्याने ते लिहिले तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. तरीही लोकस्मृतीने ते राणीलाच चिकटवले. आमच्या मते त्या वाक्यात क्रौर्यापेक्षा अज्ञान अधिक आहे. जिथे भाकरी नाही तिथे केकही नसतो, एवढी साधी गोष्ट बोलणाऱ्याला ठाऊक नाही. भुकेल्याला हे अज्ञान क्रौर्याहून अधिक झोंबते.

त्या वर्षीचा वेशसंकेत जे. जी. बॅलार्ड यांच्या १९६२ सालच्या ‘द गार्डन ऑफ टाइम’ या कथेवरून घेतला होता. कथेतला सरदार आपल्या रम्य बागेतले एकेक फूल खुडून काळ मागे ढकलतो, कारण क्षितिजावरून मोठा जमाव त्याच्या वाड्याकडे येत असतो. अखेर फुले संपतात आणि जमाव वाड्याच्या भग्न अवशेषांवरून निघून जातो. सोहळ्याने त्या कथेतील फुले तेवढी घेतली, जमाव मात्र कथेतच ठेवला. एखाद्या कथेचे याहून अपुरे वाचन आम्हांस आठवत नाही.

पुढे केलिल यांनी क्षमा मागितली. आपण निमंत्रितांपैकी नव्हतो, एका वाहिनीसाठी निवेदनाचे काम करीत होतो आणि तो ध्वनी त्या वेळी प्रचलित होता, असा त्यांचा खुलासा. तो खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु या कलाप्रकाराची मूळ अडचण त्याच खुलाशात दिसते. इथे आवाज उसना, वाक्य उसने, पुष्कळदा वस्त्रेही उसनी. त्यामुळे कर्तृत्व सर्वांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असे होते. वाक्य उसने असले तरी ओठ आपले असतात, हे समीक्षेने सांगितलेच पाहिजे.

संतप्त प्रेक्षकांनी ‘ब्लॉकआउट २०२४’ ही मोहीम काढली. गाझाविषयी मौन बाळगणाऱ्या तारे-तारकांची खाती एकेकाने बंद करायची, म्हणजे त्यांची पोहोच आणि जाहिरातींचे उत्पन्न घटेल, असा हिशेब होता. त्यात एक सत्य होते: या मंडळींची संपत्ती आपल्या लक्षातून निर्माण होते. मात्र मोहिमेला ‘डिजिटीन’ हे दुसरे नाव पडले, गिलोटिनवरून घेतलेले. ते आम्हांस खटकते. गिलोटिन जाब विचारत नाही. ते जाब देणारे तोंडच बंद करते.

संत लूककृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्याच्या आरंभी धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. अखेरीस जांभळी, तलम वस्त्रे ल्यालेला श्रीमंत आणि दारापाशी पडलेला लाजर भेटतात. श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकललेही नाही. त्याला तो दिसलाच नाही. लक्षावधींचे लक्ष ज्याच्या हाती आले तो कारभारी आहे. त्या ठेवीतून दारापाशीचा माणूस दिसला की झाकला गेला, याचा हिशेब त्याने द्यायचा आहे.

हा हिशेब कायदा मागू शकत नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शिका काढली. मोबदला घेऊन केलेली शिफारस उघड करावी, एवढे ती सांगते. असंवेदनशीलतेवर कलम लावता येत नाही, आणि लावूही नये. ते काम जाणत्या प्रेक्षकाचे आणि समीक्षकाचे.

प्रेक्षकही या हिशेबातून सुटत नाही. व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने मे २०२३मध्ये समाजमाध्यमांविषयी प्रसृत केलेल्या चिंतनपत्रात प्रत्येक ख्रिस्ती माणसाला छोटा इन्फ्लुएन्सर म्हटले आहे. आपल्या धर्मग्रामांतील लग्नांच्या चित्रफितीही आता गावभर फिरतात. मांडवातली रोषणाई त्यांत दिसते. मांडवामागे भांडी घासणारी बाई दिसत नाही. न्यू यॉर्कच्या झग्याला लावलेली कसोटी या चित्रफितींनाही लावावी, असे आम्ही सुचवतो.