सांत्वन आणि विस्मरण

संगीत प्रेमभंगाचे दुःख विसरावयास लावते, हा समज वरवरचा आहे. तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारातील मुद्दुपळनीच्या ‘राधिकासांत्वनमु’ या तेलुगू काव्यात, स्वतः वाढविलेली इला कृष्णाला देणारी राधा आपला संताप पुरता बोलून दाखविते. मगच सांत्वनाला अवसर मिळतो. पंडितांना येथे अश्लीलता दिसली. बंगळूरच्या नागरत्नम्मांना रस दिसला. त्या गायिका होत्या, हे विसरता येत नाही. पल्लवीची एकच ओळ दर आवर्तनी निराळ्या स्वरांत आळविताना शब्द तेच राहतात, त्यांतील वेदनेचे मात्र रूपांतर होते. हा अनुभव त्यांच्या गळ्याचा होता. (पंडितांकडून तो अपेक्षिणेच व्यर्थ!) १९१० साली त्यांनी काव्याची समग्र आवृत्ती काढली. तिच्यावर आलेली सरकारी बंदी १९४७ साली उठली.