महामारीतील स्थलांतरित आणि पदवी स्तरावरील संशोधनाची प्रश्नावली

कोविड-१९ च्या काळात अमेरिकेतील स्थलांतरितांना स्थानिक सेवांचा लाभ कितपत घेता आला, हा विषय पदवी स्तरावरील संशोधनासाठी निवडला जावा, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ऑनलाइन प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी 'जनजागृतीची आवश्यकता' हा ठरीव साचा या विषयाला न्याय देऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लोकांना माहिती नव्हती म्हणून ते सेवांपासून दूर राहिले, हे गृहीतक त्या साच्यातच दडलेले असते.

वस्तुस्थिती वेगळी होती. सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरितास 'सार्वजनिक भार' ठरवून ग्रीन कार्ड नाकारण्याची व्याप्ती वाढविणारा नियम २४ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे महामारीच्या तोंडावरच, लागू झाला. तो मार्च २०२१ मध्ये संपुष्टात आला. कोविडची चाचणी व उपचार त्यात धरले जाणार नाहीत, असा खुलासा मार्च २०२० मध्ये झाला खरा. परंतु अन्नसाहाय्य यादीत राहिलेच. तेव्हा अन्नसाहाय्याकडे पाठ फिरविणारे कुटुंब अज्ञानी नव्हते. त्याला नियम चांगलाच ठाऊक होता. प्रश्नावलीत मात्र अज्ञान आणि भीती या दोहोंची नोंद 'लाभ घेतला नाही' या एकाच रकान्यात होते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. केंद्रीय अर्थसाहाय्यातून वगळलेल्या, कागदपत्रे नसलेल्या प्रौढांसाठी राज्याने प्रत्येकी ५०० डॉलर देऊ केले. सुमारे दीड लाख लोकांची तरतूद. असे रहिवासी वीस लाखांच्या आसपास. १८ मे २०२० रोजी अर्ज सुरू होताच स्वयंसेवी संस्थांचे दूरध्वनी ठप्प झाले. येथे अज्ञान नव्हते, भीतीही फारशी आड आली नाही. दारच अरुंद होते. शिवाय मिश्तेक वा सापोतेक बोलणाऱ्या शेतमजुरांपर्यंत स्पॅनिशमधील पत्रकही पुरतेपणी पोहोचत नाही, मग इंग्रजी प्रश्नावली कोठून पोहोचणार? जो ती भरतो, तो बहुधा सेवांपर्यंतही पोहोचलेलाच असतो.

अर्थात, विद्यार्थ्याच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. हाती एक सत्र, आणि उत्तरदात्याचा नागरिकत्वाचा दर्जा विचारणे म्हणजे त्यालाच धोक्यात घालणे. पण तो न विचारताही दूरध्वनी उचलणारा कार्यकर्ता, दवाखान्यातील दुभाषी, अन्नवाटप केंद्रावरील स्वयंसेवक यांच्याशी बोलता येते: कोण आले, कोण अर्ध्यावरून परतले, कोणता कागद मागताच परतले. स्थलांतरित घरातून आलेल्या विद्यार्थ्याला तर हे संभाषण घरच्या भाषेत करता येते. ही सोय पुष्कळ प्राध्यापकांनाही नसते, आणि ऑनलाइन प्रश्नावली निवडताच ती वाया जाते.